चार्जरवरील दोन आकडे : धूळ, पाऊस आणि धक्का

मराठवाड्याचे हवामान उघड्यावरील प्रत्येक विद्युत उपकरणाची परीक्षा घेते. वैशाखात नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या मातीची बारीक धूळ फटीफटीत शिरते आणि चातुर्मासात तिरप्या सरी भिंतींवर आदळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट तर या भागाच्या स्मरणात आजही ताजी आहे. अशा ठिकाणी अंगणात, आडत दुकानासमोर किंवा समाजभवनाच्या आवारात विद्युत वाहनाचा चार्जर बसविताना किमतीइतकेच लक्ष त्यावरील दोन खुणांकडे द्यावयास हवे. त्या खुणा म्हणजे आयपी आणि आयके.

आयपीपुढील पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडत नाही आणि चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळते. आयपी ६५ मध्ये धूळ आत जातच नाही आणि नळीचा झोतही सोसला जातो. उघड्यावरील चार्जरसाठी आयईसी ६१८५१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक किमान आयपी ४४ मागते. 'भारत एसी-००१' या देशी चार्जरच्या निकषांत आयपी ५४ आहे. हा फरक मराठवाड्यात महत्त्वाचा ठरतो. आयपी ४४ मधील पहिला अंक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड वस्तूच अडवितो, धूळ नव्हे. छपराखाली आयपी ५४ पुरेसा ठरतो. पूर्ण उघड्यावर आयपी ६५ निवडणे श्रेयस्कर.

आयके हा आकडा धक्का सोसण्याची क्षमता सांगतो. आयके ०८ म्हणजे ५ ज्यूल, आयके १० म्हणजे २० ज्यूल. पाच किलोचे वजन चाळीस सेंटिमीटरवरून पडावे एवढा हा आघात. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या गारेचा मारा सुमारे २ ज्यूलचा, तर साडेतीन सेंटिमीटरच्या गारेचा साडेसात ज्यूलच्या आसपास असतो. परंतु हजार किलोची मोटार अगदी सावकाश, सेकंदाला एक मीटर गतीने मागे आली, तरी तिची ऊर्जा ५०० ज्यूल भरते. तिच्यापुढे कोणतीही पेटी टिकणार नाही. त्यासाठी चार्जरपुढे लोखंडी खांब किंवा चाक अडविणारा कठडाच हवा.

हे आकडे नव्या, बंद पेटीच्या प्रयोगशाळेतील चाचणीचे असतात. वायरसाठी वरून एक छिद्र पाडले की आयपीचा अर्थ संपतो. म्हणून वायर खालूनच आत न्यावी, ग्लँड घट्ट आवळावी आणि न वापरलेली छिद्रे बुजवावीत. उन्हाची धग आयपी मोजत नाही. पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा आवश्यकच आहे. आयपी ६५ ची पेटी पुरात बुडण्यासाठीही नसते. विष्णुपुरीतून मोठा विसर्ग झाला की गोदाकाठच्या सखल वस्त्यांत पाणी चढते. तेथे पूर्वीच्या पाणीपातळीच्या वरच चार्जर बसवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योग्य अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारी आरसीसीबी यांची हमी या दोन्हींपैकी कोणताही आकडा देत नाही. ओल्या अंगणात खेळणाऱ्या मुलांचे रक्षण याच दोन गोष्टी करतात.

खरेदीपूर्वी चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत आणि दरवर्षी मृगापूर्वी रबरी सील व ग्लँड जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावेत.