पुरातत्त्व शिकायचंय? दारं उघडी आहेत!

पुरातत्त्वाची गोडी लागायला पदवी लागत नाही. सुरुवात इथून करता येईल :

• डेक्कन कॉलेज, पुणे : येरवड्याच्या या संस्थेच्या संग्रहालयात शिरूर तालुक्यातल्या इनामगावचे अवशेष पाहता येतात. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्तीचं उत्खनन 1968 ते 1983 या काळात झालं.

• मुंबई विद्यापीठ : बहिःशाल विभागाने नोकरदार आणि गृहिणींनाही घेता येतील असे पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवले आहेत.

• भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे : 1910 साली स्थापन झालेल्या या मंडळाकडे ऐतिहासिक कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. ती वाचायची तर मोडी यायलाच हवी. तिचे वर्ग मंडळ घेत आलं आहे.

• तेर, जि. धाराशिव : रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी आणि भांडी आहेत.

• तारखा लक्षात ठेवा : 18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन, तर 19 ते 25 नोव्हेंबर हा वारसा सप्ताह. या काळात ठिकठिकाणी व्याख्यानं, प्रदर्शनं आणि वारसाफेऱ्या होतात.

शेतात नाणी, मूर्ती सापडली तर?
वस्तू घासूनपुसून स्वच्छ करू नका, आणखी खणू नका. जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा जमिनीतला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. जागेवरून हललेली वस्तू आपला निम्मा इतिहास गमावते, म्हणून ही काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.