श्रेयाचा खटला : तारे मैदानात, प्रशिक्षक बाकावर

आमच्या विहारासमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी पोरांचा अड्डा जमतो. भरती, परीक्षा, मोर्चा हे विषय संपले की गाडी फुटबॉलवर येते. परवा पाठीवर मेस्सीचे नाव मिरवणारा एक मुलगा तावातावाने म्हणाला, "असले खेळाडू हाताशी असले तर आमचा रिक्षावाला काकासुद्धा चॅम्पियन्स लीग जिंकून देईल. त्यात प्रशिक्षकाने काय केले?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य आम्ही वेगळ्या विषयात, वेगळ्या लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. ते कोणते, हे शेवटी सांगू. आधी खटला रीतसर चालवू.

पोराची बाजू अगदीच लंगडी नाही. हॉलंडचे फ्रँक रायकार्ड घ्या. 2002 साली त्यांच्या हाताखाली स्पार्टा रॉटरडॅम हा जुना क्लब इतिहासात प्रथमच वरच्या श्रेणीतून खाली घसरला. पुढच्याच वर्षी तेच रायकार्ड बार्सिलोनात आले. तेथे त्यांना रोनाल्डिन्हो मिळाला, मग एटो आणि डेको मिळाले. 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षे ला लिगा जिंकली आणि 2006 मध्ये पॅरिसला आर्सेनलला 2-1 हरवून चॅम्पियन्स लीगही जिंकली. माणूस तोच, डोके तेच. हाताखालची माणसे बदलली आणि निकाल बदलला. मग श्रेय खेळाडूंचेच, नाही का?

थांबा, उलटतपासणी बाकी आहे. रेआल माद्रिदमध्ये व्हिसेंते देल बॉस्के यांनी 2000 आणि 2002 ला चॅम्पियन्स लीग, 2001 आणि 2003 ला ला लिगा जिंकून दिली. 2003 च्या विजेतेपदाचा जल्लोष ओसरतो न ओसरतो तोच क्लबने त्यांना घरी पाठवले. तारे घरात आहेतच, प्रशिक्षक कुणीही चालेल, असा मालकी थाटाचा हिशेब! त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला. झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल, रोबेर्तो कार्लोस होतेच. निकाल काय लागला? पुढच्या तीन हंगामांत पाच प्रशिक्षक झाले, पण ना ला लिगा हाती लागली, ना चॅम्पियन्स लीग. आणि हाकललेल्या देल बॉस्केंनी 2010 मध्ये स्पेनला विश्वचषक जिंकून दिला.

त्या उन्हाळ्यात आणखी एक माणूस गेला. त्याचे नाव क्लॉद माकेलेले. मधल्या फळीत उभे राहून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू काढून घ्यायचा आणि मुकाट्याने ताऱ्यांच्या पायाशी नेऊन द्यायचा, हे त्याचे काम. गोल करणारा तो नव्हे, जाहिरातीत दिसणारा तो नव्हे. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली, तो चेल्सीत गेला. 2005 आणि 2006 ला चेल्सी इंग्लंडचे विजेते झाले. आमच्या चळवळीच्या भाषेत सांगायचे तर माकेलेले हा सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता होता. व्यासपीठावर त्याचे नाव नसते, पण तो आला नाही तर सभा होत नाही.

दुसरा पुरावा पॅरिसचा. पॅरिस सेंट जर्मेनने 2017 मध्ये नेमारसाठी 22 कोटी 20 लाख युरो मोजले, एमबाप्पे आणला, 2021 मध्ये मेस्सीही आणला. तिघे एकत्र खेळले ते दोन हंगाम. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी संघ चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांतच गारद झाला. पुढे मेस्सी आणि नेमार गेले, 2024 मध्ये एमबाप्पेही गेला. आणि 31 मे 2025 रोजी म्युनिकला लुईस एन्रिके यांच्या संघाने इंटर मिलानचा 5-0 असा धुव्वा उडवून तोच करंडक उचलला. उरलेले खेळाडू काही गरीब-दुबळे नव्हते, क्लबने पैसा ओतलाच होता, हे मान्य. पण चेंडू गेल्यावर अकराच्या अकरा जण परत धावत होते, हे आधी दिसत नव्हते.

तिसरा पुरावा सर्वांत स्वच्छ. खेळाडू तेच, फक्त प्रशिक्षक बदलला, असा. जानेवारी 2016 मध्ये रेआल माद्रिदने हंगामाच्या मध्यावर बेनितेझ यांना काढून झिदान यांना आणले. त्याच खेळाडूंनी त्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि मग 2017 व 2018 ला पुन्हा. हे तर नुसते टाळ्या वाजवतात, असे झिदानबद्दल म्हटले जाई. पण रोनाल्डोसारख्या माणसाला ला लिगाच्या काही सामन्यांत बाहेर बसायला राजी करणे म्हणजे टाळ्या वाजवणे नव्हे. ताज्या पायांच्या त्याच रोनाल्डोने 2017 च्या अंतिम सामन्यात दोन गोल केले.

आमचा निकाल असा. ताऱ्यांशिवाय शिखर गाठता येत नाही, हे खरे. पण तारे गोळा केल्याने संघ होत नाही. दुबळ्या संघाच्या प्रशिक्षकाला उणीव भरून काढावी लागते. बलाढ्य संघाच्या प्रशिक्षकाला अहंकार आवरावे लागतात. कोण बाकावर बसेल, कोण कोणासाठी धावेल, हे ठरवून ते त्यांच्याकडून मान्य करून घेणे, हेच त्याचे काम. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे म्हणणे हा न्याय नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. श्रेय मोजण्याचे माप सर्वांना सारखे असते काय? रायकार्ड यांचे वडील डच वसाहत राहिलेल्या सुरिनामचे. त्यांनी करंडक जिंकला तेव्हा श्रेय रोनाल्डिन्होच्या जादूला, नाहीतर सहायक टेन काटे यांच्या शिस्तीला देणारे होतेच. सतरा वर्षांच्या मेस्सीला 2004 मध्ये मैदानात उतरवणारा माणूस कोण, हे मात्र विसरले जाते. 2018 च्या विश्वचषकात 32 संघ होते. कृष्णवर्णीय खेळाडू कितीतरी संघांचा कणा होते. पण कृष्णवर्णीय प्रशिक्षक एकच, सेनेगलचे अलियू सिसे. पाय चालतात, डोके चालत नाही! याच सिसेंनी पुढे 2022 च्या फेब्रुवारीत सेनेगलला पहिल्यांदा आफ्रिकेचे विजेतेपद मिळवून दिले.

हे आपल्याला नवे आहे काय? चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेऊन आले. त्यांची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. भावाला, विठ्ठलला, ते मिळायला 1923 उजाडावे लागले, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. राबायला चालतो, नेतृत्वाला चालत नाही, हा कायदा कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. म्हणून तो न्यायालयात मोडून काढणे सर्वांत कठीण.

आणि आता ते वाक्य. बी. एन. राव यांचा मसुदा तयार होता, सभागृहात नेहरू, पटेल, आझाद, मुन्शी, अल्लादी असे दिग्गज होते, मग त्यात आंबेडकरांनी काय केले? हे आम्ही बार रूममध्ये ऐकले आहे, चहाच्या टपरीवर ऐकले आहे. कट्ट्यावरच्या पोराचा युक्तिवाद तो हाच. उत्तरही तेच. रावांच्या मसुद्यात 243 कलमे होती. अंतिम संविधानात 395. सभागृहात 7635 दुरुस्त्या दाखल झाल्या आणि 2473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या एकेक तपासून, स्वीकारून वा खोडून, परस्परविरोधी दिग्गजांना एका ग्रंथात बसवणारा कोण होता? समितीतले कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दूर राहिले आणि भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 रोजी सभागृहातच सांगून ठेवले आहे.

पण खटल्याची दुसरी बाजूही आपणच मांडली पाहिजे. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः रावांना श्रेय दिले, सहकाऱ्यांना दिले, आणि मुख्य मसुदा-लेखक एस. एन. मुखर्जी व त्यांच्या कर्मचाऱ्यांचेही ऋण मान्य केले. माकेलेलेचे नाव व्यासपीठावरून घेणारा असा प्रशिक्षक विरळाच. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला. आज आमचे गट तो इशारा विसरले. सभा यशस्वी झाली की श्रेय नेत्याचे, निवडणूक हरली की दोष कार्यकर्त्याचा, आणि तारे इतके की प्रत्येकाचा संघ वेगळा!

म्हणून त्या पोराला आम्ही दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणालो : बाळा, श्रेय पुराव्याने दे. नेत्याला देवही करू नकोस आणि बुजगावणेही करू नकोस. आणि मैदानात चेंडू काढून देणाऱ्याचे नाव विचारायला विसरू नकोस. तो म्हणाला, "काका, मग माकेलेलेचा टी-शर्ट कुठे मिळेल?"