निळ्या गाभ्यातली लहर

काचेच्या नळीत थोडा आर्गॉन सोडायचा, नळीभोवती तांब्याच्या पट्टीचा अँटेना बसवायचा, बाहेरच्या कॉइलनी नळीच्या लांबीच्या दिशेनं चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि अँटेनाला 13.56 मेगाहर्ट्झची रेडिओ-वीज द्यायची. हेलिकॉन प्लाझ्मा स्रोताची सामग्री एवढीच. अंतराळयानाच्या विद्युत इंजिनासाठी या स्रोताकडे आशेनं पाहिलं जातं, कारण यात प्लाझ्माला टेकलेला एकही इलेक्ट्रोड नसतो. जे प्लाझ्माला टेकतच नाही, ते झिजतही नाही.

वीज वाढवत नेली की प्लाझ्माही त्याच प्रमाणात वाढेल, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही. सुरुवातीला नळीभर पुसट गुलाबी-जांभळा उजेड असतो. तेव्हा अँटेनाचं व्होल्टेजच वायूला पेटतं ठेवत असतं. वीज वाढवली की एका क्षणी उजेड एकदम भक्कम होतो. आता अँटेनातल्या प्रवाहानं प्लाझ्मात स्वतःचा प्रवाह उभा केलेला असतो. आणखी वाढवली, चुंबकीय क्षेत्र काही शे गॉसवर नेलं, की दुसरी उडी येते. नळीच्या मधोमध पेन्सिलीतल्या शिशासारखा बारीक, लखलखीत निळा गाभा उभा राहतो.

या उडीच्या वेळी माझी नजर नळीकडे नसते, परावर्तित विजेच्या मीटरकडे असते. प्लाझ्मा बदलला की अँटेनावरचा भार बदलतो, मॅचिंग बॉक्सचं जुळलेलं गणित मोडतं आणि काटा झटकन वर जातो. मग दोन व्हॅक्यूम कपॅसिटरचे नॉब हळूहळू फिरवून तो परत खाली आणायचा. फार वेळ लावला तर प्लाझ्मा खालच्या टप्प्यावर घसरतो. परत वर न्यायचा तर घसरला त्यापेक्षा जास्त वीज द्यावी लागते. चढायची आणि उतरायची वाट एक नसते.

"सर, निळं आलं!" नवीन विद्यार्थिनी हमखास ओरडते, आणि तिचा आनंद खराच असतो.

"आलं ना? आता लहर शोध."

माझा आग्रह इथेच आहे. निळ्या गाभ्याचे फोटो सगळीकडे छापले जातात आणि 'हेलिकॉन मिळाला' असं त्यावरून ठरवलं जातं. पण निळा रंग म्हणजे आयनित आर्गॉनचा प्रकाश. 488 नॅनोमीटरची रेषा त्यातलीच. मधोमध आयन भरपूर आहेत आणि इलेक्ट्रॉन चांगले तापलेले आहेत, इतकंच तो सांगतो. त्यांना ऊर्जा प्लाझ्मातून धावणाऱ्या हेलिकॉन लहरीनं दिली की आणखी कशानं, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी प्लाझ्मात हात घालावा लागतो.

तो हात म्हणजे काही मिलिमीटरची, मोजक्या वेढ्यांची कॉइल. तोंड बंद केलेल्या सिरॅमिकच्या बारीक नळीत ती बसवलेली असते. चुंबकीय क्षेत्र बदललं की तिच्यात व्होल्टेज उमटतं. पण अशी कॉइल खोटंही बोलते. प्लाझ्माचं विद्युत विभव हलतं, त्याचाही सिग्नल ती उचलते. म्हणून आधी परीक्षा घ्यायची. सिरॅमिकची नळी तिच्या अक्षाभोवती 180 अंशांनी फिरवायची आणि ऑसिलोस्कोपवर पाहायचं. चुंबकीय सिग्नल असेल तर तो पुरता उलटतो, वरचं शिखर खाली येतं. विभवाचा भाग मात्र तसाच राहतो. ही परीक्षा न घेता काढलेले आलेख मी विद्यार्थ्यांना परत करतो, ते दिसायला कितीही देखणे असले तरी.

मग ही कॉइल, म्हणजे प्रोब, काचेच्या नळीच्या अक्षावरून सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवायचा. अँटेनातल्या प्रवाहाच्या तुलनेत सिग्नल किती मागे पडतो, तो कलांतराचा आकडा दर वेळी लिहून घ्यायचा. कलांतर अंतराबरोबर सरळ वाढत गेलं तर लहर पुढे चालली आहे. एका जागी थबकून मग एकदम उडी मारत असेल, तर टोकावरून परत आलेली लहर जाणाऱ्या लहरीत मिसळून उभी राहिली आहे. कलांतर 360 अंश बदलायला जेवढं अंतर लागलं, ती लहरीची लांबी.

हा आकडा मला अजूनही थक्क करतो. 13.56 मेगाहर्ट्झची लहर मोकळ्या जागेत सुमारे 22 मीटर लांब असते. पाच सेंटिमीटर त्रिज्येची नळी, 300 गॉसचं क्षेत्र आणि घनमीटरमागे 5×10¹⁸ इलेक्ट्रॉन धरले, तर हेलिकॉनच्या साध्या सूत्रानं तीच लहर प्लाझ्मात साधारण 17 सेंटिमीटरची होते. घनता, चुंबकीय क्षेत्र आणि लांबी ही तिन्ही त्या सूत्रानं एकमेकांना बांधलेली आहेत. अँटेनाची लांबी ठरलेली, म्हणजे त्याला कोणती लहर सोयीची हेही बरंचसं ठरलेलं. मग क्षेत्र वाढवलं की घनतेलाही वाढावं लागतं.

ही लहर मुळात आकाशातली. विजांमधून निघालेल्या रेडिओ लहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून एका गोलार्धातून दुसऱ्यात जातात. पहिल्या महायुद्धात शत्रूची टेलिफोन संभाषणं ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना या लहरींच्या उतरत्या शिट्ट्या ऐकू आल्या, आणि 1953 साली संशोधक स्टोरी यांनी त्यांचा उलगडा केला. तीच लहर नळीत कोंडली की हेलिकॉन. तिच्या साहाय्यानं दाट प्लाझ्मा तयार होतो, हे रॉड बॉसवेल यांनी 1970 साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात दाखवलं.

लहर इलेक्ट्रॉनना ऊर्जा नेमकी कशी देते, या प्रश्नाचा इतिहास मला फार प्रिय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले फ्रान्सिस चेन यांनी सुचवलं की लहरीच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन तिच्याकडून ऊर्जा उचलत असावेत. हिशेब मोहक होता. वरच्या उदाहरणात लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 23 लाख मीटर येतो. त्या वेगाच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा 15 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि आर्गॉनचा अणू आयनित करायला लागतात 15.76. इतकं जवळ आलेलं उत्तर कोणीही कवटाळलं असतं. पण 1999 साली चेन यांनीच ब्लॅकवेल यांच्यासोबत मोजून दाखवलं की असे वेगवान इलेक्ट्रॉन पुरेसे नाहीतच. आपल्याच कल्पनेची अशी कसून परीक्षा घेणाऱ्याबद्दल मला नितांत आदर वाटतो. मधल्या काळात शामराय आणि तारानोव्ह या संशोधकांनी दुसरी वाट दाखवली होती: नळीच्या कडेला हेलिकॉनमधून ट्रिव्हलपीस-गूल्ड ही आखूड लांबीची लहर निघते आणि बरीचशी ऊर्जा तीच तिथे जिरवते. म्हणजे झगमगतो मधला गाभा, पण ऊर्जा पुष्कळदा कडेला उतरते.

इंजिनाच्या दृष्टीनं हीच अडचण आहे. कडेला तापलेला प्लाझ्मा भिंतीवर आदळतो आणि वीज काच तापवण्यात जाते. दाट प्लाझ्मा झाला म्हणजे रेटा मिळाला असं नाही. तो पसरत्या चुंबकीय क्षेत्रातून, म्हणजे चुंबकीय नोझलमधून, बाहेर फेकला जायला हवा. जपानच्या तोहोकु विद्यापीठातले काझुनोरी ताकाहाशी यांनी 2022 साली असं इंजिन सुमारे 30 टक्के कार्यक्षमतेपर्यंत नेलं. भिंतीवरचा तोटा कमी करणारी चुंबकीय क्षेत्राची रचना त्यात कामी आली. विद्युत इंजिनांचाच मुरलेला प्रकार असलेली हॉल इंजिनं 50 टक्क्यांच्या पुढे जातात, त्यामुळे अंतर अजून मोठं आहे.

म्हणून आता आम्ही तीच कॉइल नळीच्या तोंडाबाहेर, पसरत्या क्षेत्रात नेतो. तिथे क्षेत्रही उतरत जातं आणि घनताही, त्यामुळे जागोजाग लहरीची लांबी वेगळी येते. प्रोबचा दांडा स्वतःच प्लाझ्मा अडवतो, म्हणून प्रत्येक मोजणी प्रोब बाजूला घेऊन, फक्त अँटेनाच्या भारावरून पडताळायची. लहर नोझलमध्ये किती आतवर पोचते आणि कुठे विझते, याचा नकाशा हाती आला की अँटेना नळीच्या तोंडापासून किती मागे ठेवायचा ते ठरवता येईल.