मुशीचें माप

विट्याच्या परिसरांतील गलाई कारागीर सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं भारतभर पसरले. मुशींत मावेल तेवढाच माल एका वेळीं घालावा, हें त्यांपैकीं कोणासहि शिकवावें लागत नाहीं. संगणकाच्या अगदीं नव्या कामांत मात्र हा पाठ पुनः गिरवावा लागतो.

२०१७ सालच्या 'ट्रान्स्फॉर्मर' रचनेचा गाभा म्हणजे 'अटेन्शन' : मजकुरांतील प्रत्येक शब्द इतर प्रत्येक शब्दाशीं ताडून पाहणें. शब्द ४,०९६ असले, तर तुलना १,६७,७७,२१६ होतात. हजारों लहान गणितें एकदम करणाऱ्या जीपीयूनें एवढा पसारा आपल्या मोठ्या पण दूरच्या मेमरींत मांडला, तर ने-आणींतच वेळ जातो. म्हणून २०२२ सालच्या 'फ्लॅश अटेन्शन' पद्धतींत तो तुकड्यातुकड्यानें, गणनस्थानाजवळच्या चिमुकल्या 'शेअर्ड मेमरी'त उरकतात. हीच ती मूस.

समजा, जीपीयूवर चालावयाच्या आज्ञावलीनें, म्हणजे कर्नलनें, 'क्वेरी'च्या तुकड्यास १२८ ओळी आणि 'की' व 'व्हॅल्यू' यांस प्रत्येकीं ६४ ओळी नेमल्या. ओळींत १२८ अंक, अंकास २ बाइट. बेरीज ६५,५३६ बाइट. एनव्हिडियाच्या जीपीयूंत आज्ञावलींतच कायम कोरलेल्या जागेची मर्यादा आहे ४९,१५२. आज्ञावली यंत्रभाषेंत उतरविणारा कंपायलर तेथेंच अडतो. नवशिका मग स्वल्पविराम आणि कंस धुंडाळीत बसतो. पण व्याकरण निर्दोष असतें, चुकलेलें असतें तें माप.

एक उपाय, 'की' व 'व्हॅल्यू' यांच्या ओळी ३२ करण्याचा. बेरीज बरोबर ४९,१५२ होते. अगदीं कांठोकांठ, आणखी एक अंक ठेवावयासहि जागा नाहीं! दुसरा उपाय अधिक चांगला. जागा अगोदर न कोरतां कर्नल सुरू करतांना मागावी, आणि जादा मर्यादेची परवानगी आधीं स्पष्टपणें घ्यावी. पुण्याच्या सी-डॅकनें २०२० सालीं उभारलेल्या 'परम सिद्धि-एआय' महासंगणकांतील ए१०० जीपीयू अशा रीतीनें एका ब्लॉकला १६३ किलोबाइटपर्यंत जागा देतो. परवानगीची ओळ विसरली, तर मात्र कंपायलर कांहींच बोलत नाहीं. नकार मिळतो तो कर्नल सुरू करतांना, आणि तो तपासला नाहीं तर उत्तराच्या जागीं निरर्थक आंकडे हातीं येतात. त्या मानानें कंपायलरची तक्रार फार स्वस्त.

शिवाय मोठी मूस म्हणजे वेगवान काम, असेंहि नाहीं. ए१००च्या एका गणनघटकांत मेमरीच्या हिशेबानें ६४ किलोबाइटचे दोनच ब्लॉक एका वेळीं मावतात, ४८ किलोबाइटचे तीन. तेव्हां दोष मिटल्यावरहि दोन्ही रीतींनीं कर्नल चालवून वेळ मोजावाच लागतो.