मुलीची सायकल दारातच का उभी राहते? गावचा रस्ता सुरक्षित करण्यासाठी एवढं करता येईल

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावं, ही अट. सायकल घरी येते, मुलगी खूश होते. आणि आठवड्याभरात अब्बा म्हणतात, "बेटा, त्या रस्त्यावर नको." सायकल दारात उभी राहते. रिक्षाचं भाडं परवडत नसेल, तर हळूहळू शाळाही मागे पडते.

अब्बांचं चुकतं, असं आम्ही म्हणणार नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारे होते. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू झाले. आणि देशातले दोन तृतीयांशाहून अधिक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. म्हणजे भीती खरी आहे. पण तिच्यावर इलाज मुलीला घरी बसवणं नव्हे, रस्ता सुधारणं आहे. तो कसा, ते पाहू.

खरं दुखणं: वेग

रस्ता खराब होता तेव्हा गाड्या हळू जायच्या. डांबर गुळगुळीत झालं, रुंदी वाढली आणि डंपर, टेम्पो, मोटारसायकली सुसाट सुटल्या. म्हणून "रस्ता आणखी रुंद करा" ही मागणी गावठाणाच्या आत उलटी पडते. रुंद रस्ता म्हणजे जास्त वेग आणि ओलांडायला जास्त अंतर.

साधा हिशेब करा. समोर मूल दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटरने येणारी कार कोरड्या रस्त्यावर एकूण १३-१४ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ने येणारीला सुमारे ३७ मीटर लागतात. आता मूल २० मीटरवर आडवं आलं असं धरा. पहिली कार त्याच्या अलीकडेच थांबेल. दुसरीचा ब्रेक लागेपर्यंतच ती १६-१७ मीटर पुढे आलेली असेल. पावसात आणि भरलेल्या डंपरला तर याहून जास्त अंतर लागतं.

दुसरं दुखणं: हरवलेली साइडपट्टी

डांबराच्या थरावर थर चढत जातात. रस्ता उंच होतो आणि साइडपट्टी खालीच राहते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाली मुलगी कडेला घ्यायला जाते, चाक त्या कडेवरून घसरतं आणि ती पडते. जिथे साइडपट्टी शिल्लक आहे तिथे वाळूचा ढीग, टपरी, उभी गाडी किंवा वाढलेली झुडपं. मग चालणारा माणूस डांबरावरच येतो.

गतिरोधक हवा, पण नीट

अपघात झाला की चिडलेले गावकरी रातोरात सिमेंटचा उंच बांध घालतात. राग समजण्यासारखा आहे. पण अशा बांधावर अंधारात मोटारसायकलवाला आपटतो आणि रुग्णवाहिकेतला पेशंट हाल सोसतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून वाहन ताशी २५ च्या आसपास जावं, हा हेतू. त्यावर पांढरे पट्टे आणि ४० मीटर अलीकडे सूचनाफलक हवा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालत नाहीत. तिथे रम्बलर, फलक आणि रंगवलेलं क्रॉसिंग मागावं लागतं.

रस्ता कोणाचा, हे आधी शोधा

बहुतेक अर्ज इथेच अडतात. ग्रामपंचायत म्हणते आमचा नाही, जिल्हा परिषद म्हणते बांधकाम खात्याचा. साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता.

मग ग्रामसभेत ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. "रस्ता सुरक्षित करा" एवढंच लिहू नका. नेमकं लिहा:

- शाळा, मकतब, मशीद, मंदिर, एसटी थांबा या ठिकाणी गतिरोधक आणि क्रॉसिंग
- गावाच्या दोन्ही टोकांना वेगमर्यादेचे फलक
- साइडपट्टीत मुरूम भरून ती डांबराच्या पातळीला आणणं
- वळणावरची झुडपं तोडणं, थांब्यापाशी दिवा

सोबत मोबाइलवर काढलेले फोटो आणि आतापर्यंतच्या अपघातांच्या तारखा जोडा. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पादचाऱ्यांना अडथळ्याविना पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात याचा उल्लेख जरूर करा.

"तुमच्याकडे ब्लॅकस्पॉट नाही" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय महामार्गांच्या निकषात ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू मोजतात. दहा जनाजे उठण्याची वाट कुठल्याही गावाने बघू नये.

आणि आपल्या हातातलं

सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. जुम्म्याला मशिदीसमोर गाड्या कशा लागतात, ते आपण सगळेच पाहतो. साइडपट्टी भरून जाते आणि शाळकरी पोरं डांबरावरून चालतात. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे आपण मकतबात शिकलो. मग आपलीच गाडी ती वस्तू होऊ नये. जमातने जवळची मोकळी जागा ठरवावी, दोन तरुणांना तिथे उभं करावं. लग्नाच्या मांडवालाही हाच नियम.

फजर आणि इशाला काळोख असतो. काळा बुरखा किंवा गडद कुर्ता ड्रायव्हरला उशिरा दिसतो, म्हणून हातात टॉर्च ठेवावी. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डावीकडूनच. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दप्तराला चमकणारी पट्टी लावा, खर्च फार नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची चावी देऊ नका. गावात सुसाट जाणाऱ्यांत आपलीही मुलं असतात.

पुढच्या ग्रामसभेला पुरुषांनी जावंच. पण ज्या मुलीची सायकल दारात उभी आहे, तिच्या अम्मीनेही जावं आणि उभं राहून बोलावं. रोज तो रस्ता ओलांडणाऱ्या बाईचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.