सफाई कामगाराची साक्ष

डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या कोणी झाडल्या, हे भर न्यायालयात बोट दाखवून सांगणाऱ्यांत पुणे महापालिकेचा एक सफाई कामगार होता. वाचकहो, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगावी अशी आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दोघांनी गोळ्या घातल्या आणि मोटारसायकलवरून पोबारा केला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे हे संस्थापक ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, त्याचा अध्यादेश ते गेल्यावर त्याच महिन्यात निघाला! डिसेंबरात कायदाही झाला. उद्या आपल्या फुलचूरमध्ये कोणी एखाद्या एकट्या बाईवर करणी करते म्हणून आळ घेऊन तिचा छळ मांडला, तर याच कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते.

खटला मात्र रखडला. तपास २०१४ साली सीबीआयकडे गेला, आरोप निश्चित व्हायला २०२१ उजाडले. २०२२ मध्ये त्या कामगाराने साक्ष दिली व दोघांना ओळखले. साक्षीचे समन्स आले की वस्तीत पहिला सवाल असतो, "कशाला पडतोस भानगडीत? रोजी बुडेल, वैर ओढवेल." त्याच्याही घरी हे बोलणे झाले असेल. तरी तो उभा राहिला.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने सचिन अंदुरे व शरद कळसकर यांना जन्मठेप दिली. तिघे पुराव्याअभावी सुटले. सूत्रधार दुसराच आहे आणि त्याला शोधण्यात पोलीस व सीबीआय अपयशी ठरले, असे खुद्द न्यायालयानेच म्हटले.

येथे श्रीलंका आठवते. १९५९ साली पंतप्रधान बंदरनायके यांना त्यांच्या घरीच सोमराम या भिक्खूने गोळ्या घातल्या. त्याला १९६२ मध्ये फाशी झाली. पण त्या चिमुकल्या बेटावरचा कायदा गोळी झाडणाऱ्यापाशीच थांबला नाही. कट रचणारा बुद्धरक्खित हा केलनियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख, मोठा वजनदार माणूस. तोही दोषी ठरला आणि तुरुंगातच मेला. चिवराची भीड कोणी धरली नाही.

आपल्याकडे सुटलेल्या तिघांविरुद्ध डॉक्टरांच्या कन्या मुक्ता दाभोलकर यांनी २०२४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात अपील दाखल केले.