नानकिंगचा तह आणि मुंबईचं जहाज

चीनच्या बादशाहीने इंग्रजांपुढे मान तुकवली ती २९ ऑगस्ट १८४२ रोजी, नानकिंगजवळ यांगत्से नदीत नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत बांधलेली होती, हे वाचलं तेव्हापासून मी तिचा पिच्छा सोडलेला नाही. मुंबईला गेलो की फोर्टातल्या लायन गेटपर्यंत चक्कर होतेच. आत नौदलाची गोदी असल्याने बाहेरूनच पाहावं लागतं.

७४ तोफांची ही नौका जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली आणि १८१३ साली पाण्यात सोडली. लाकूड मलबारचं सागवान. इंग्लंडात जहाजं ओकची बांधत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तर सागातलं तेल लोखंड जपतं आणि लाकडालाही लवकर कुजू देत नाही. आमच्या हिंगोलीकडे माळवदाचं एक जुनं घर उतरवताना तुळईतून उपटलेला खिळा मी निरखून पाहिला आहे. बाहेर राहिलेलं डोकं गंजून पापुद्रे सुटलेलं, पण लाकडात रुतलेला भाग टोकापर्यंत शाबूत. वाडियांच्या कारागिरांनी फळ्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवल्या, की पाणी शिरायला फट उरू नये. त्यांच्याच हातची ‘वेलस्ली’ १८४० मध्ये चीनच्या चुसान बेटावर चालून गेली, तर ‘मिंडेन’ पुढे हाँगकाँगला तरंगतं रुग्णालय झाली.

भांडणाचं मूळ अफूत होतं. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने हुमेन येथे चर खणून, त्यात मीठ आणि चुना कालवून २० हजारांवर पेट्या अफू नष्ट केली. इंग्रजांनी त्यावरून युद्ध पुकारलं. १८४२ च्या जुलैत झेनजियांग पडलं, राजधानीला धान्य पोचवणारा मोठा कालवा अडला आणि दरबार तहाला तयार झाला. पुढची पडझड ठाऊकच आहे: ताइपिंगचं बंड, १८६० मध्ये उन्हाळी राजवाड्याची जाळपोळ, १८९५ चा जपानकडून पराभव, १९०० चं बॉक्सर बंड आणि १९१२ मध्ये बादशाहीचा शेवट.

मला मात्र जहाजावरच्या तहाच्या टेबलापाशी परतायचंय. इंग्रजी आणि चिनी मजकूर एकत्र शिवून पिवळ्या रेशमात बांधलेल्या चार प्रती तिथे होत्या. इंग्रजांतर्फे सही करणारे हेन्री पॉटिंजर पेशवाई बुडाल्यावर काही काळ अहमदनगरचे कलेक्टर होते! हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली आणि २ कोटी १० लाख डॉलर भरायचे ठरले. त्यातले १ कोटी २० लाख युद्धखर्चाचे. म्हणजे ज्या तोफांनी शहरं फोडली, त्यांचा खर्चही चीननेच द्यायचा. मला हे कलम हाँगकाँगपेक्षाही जिव्हारी लागतं.

कारण हाच कावा आमच्याकडेही चालला. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या माथी. थकबाकी साचत गेली आणि १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. इथे बंदर नव्हतं की अफूच्या पेट्या. नुसत्या हिशेबाच्या वहीवर सुपीक मुलूख हातचा गेला. नानकिंगच्या तहानंतर अकराच वर्षांनी घडलेली ही गोष्ट मराठवाड्यातल्या पोरांना चीनच्या धड्याबरोबरच शिकवायला हवी.

‘कॉर्नवॉलिस’मध्ये १८५५ साली वाफेचं यंत्र बसवलं, दहा वर्षांनी इंग्लंडात शीअरनेसला तिचा धक्का केला आणि १९५७ मध्ये ती मोडीत निघाली. ‘वेलस्ली’ १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाली. वाडियांनी बांधलेल्या या जहाजांची नावं आणि त्यांनी पाहिलेली युद्धं यांचा एक ठळक फलक गोदीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा लागावा, हे माझं जुनं मागणं आहे. त्यात अफूचाही उल्लेख हवा.